उरलेला मसाला

शनिवारी दुपारी नवापुरात
रंगावलीच्या वाळूवर पाय ठरत नव्हता
तेव्हा मी पत्र्याच्या डब्यातून आप्पांचा तराजू काढला.
मिशन दवाखान्यातला, दोन पितळी पारडी,
कंपाउंडर निवृत्त झाले तेव्हा
डॉक्टरीणबाईंनी शालीऐवजी दिलेला.
पाच ग्रॅमचं वजन फार पूर्वीच हरवलं.
त्याच्या जागी आप्पा एक जुना रुपया ठेवत
आणि वर सात तांदूळ. मोजून.

कृती आहे दवाखान्याच्या चिठ्ठीवर,
तिरक्या अक्षरात:
मैदा, एक किलो. गूळ, मुलांना विचारून.
दालचिनी, पाच ग्रॅम. वेलदोडे, बारा नग.
जायफळ, किंचित; जास्त झाल्यास झोप येते.
ताडी, फेसाळलेली, एक वाटी.
आणि खाली दोन रेघा मारून:
फुगेपर्यंत झाकण उघडू नये.

ताडीचं आमच्या मंडळीत जरा नाजूकच.
पाळकसाहेब दारूबंदीवर पाऊण तास बोलतात
आणि ईस्टरच्या सकाळी दोन पाव उचलतात,
तिसरा रुमालात, घरी म्हणून.
आप्पा म्हणत, आचेवर पाप उडून जातं,
उरतो तो नुसता हलकेपणा.

मनुका आम्ही कधी घातल्या नाहीत.
या दिवसांत मोह गळतो,
पहाटे, कुणी फांदी न हलवता.
विसरवाडीहून रूतमावशी ओच्यातून घेऊन येते,
केसर झटकून सावलीत वाळवलेली फुलं.
भिजवली की घरभर वास,
शेजारच्या भिंतीपलीकडून लगेच हाक:
‘काय करी ऱ्हायनी व माय, इतली रातले?’

काय सांगू.

लेंटच्या चौथ्या आठवड्यात आप्पा गेले.
पेटीत ठेवायला म्हणून
मी लवंगा आणल्या, दालचिनी, वेलदोडे,
पाव पाव किलो, भाव न विचारता.
शलमोनकाका म्हणाले, अगं, एवढं कशाला?
उन्हं चढायच्या आत माती द्यायचीय.
मूठभर टाकलं. बाकीचं पुडीतच राहिलं.
तीन आठवडे फडताळ उघडलं की
आधी ती पुडी भेटायची, मग साखर.

लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलं होतं:
बाया अंधारातच निघाल्या,
सुगंधी द्रव्यं घेऊन, कबरेकडे,
आणि धोंड आधीच लोटलेली.
पुढे सगळे धोंडेबद्दल बोलतात, देवदूताबद्दल,
गुंडाळून ठेवलेल्या रुमालाबद्दल.
मी आप्पांना विचारलं होतं,
मग त्या मसाल्याचं काय झालं?
ते खलात काहीतरी घोटत होते.
म्हणाले, वाया नसेल घालवला.
बाया होत्या त्या.

पुडी सोडली.
रुपया ठेवला, सात तांदूळ ठेवले,
दालचिनी तोलली. लवंग चिठ्ठीत नाही,
तरी चार घातल्या.

घमेल्यात नदीची वाळू, वाळूत ताटली,
वर तवा, तव्यावर निखारे.
मैद्याच्या खळीने फुल्या काढल्या,
शाळेत चुकलेल्या उत्तरावर काढते तशा,
फक्त जरा हळू.
झाकण दोनदा उघडून पाहिलं.
चिठ्ठीत लिहिलं नसतं तर उघडलं नसतं.

पहिला घाणा खालून करपला.
दुसऱ्यातला एक उभ्याउभ्याच मोडला,
मोहाचं फूल आत फुगून काळंभोर झालेलं.
लवंग दाताखाली आली,
जीभ बधिर झाली थोडा वेळ,
दाढ दुखली की आप्पा लावायचे तशी.

साडेचारला देवळाची घंटा झाली.
टोपलीवर ओलं फडकं टाकून मी निघाले.
वाटेत मोहाखाली कंदील हलत होते,
रूतमावशी वाकलेली,
तिने वर पाहिलं नाही, नुसता वास घेतला
आणि हात पुढे केला.

परत आले तेव्हा उजाडलं होतं.
तराजू ओट्यावर तसाच.
रुपया पारड्यात होता.
तांदूळ मुंग्यांनी नेले होते.